आधी रजिस्टर, मग दाखला

पत्र, थोडक्यात:

‘मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षं कनिष्ठ लिपिक आहे. एमएस-सीआयटी झालंय, टायपिंगच्या परीक्षाही दिल्यात. तरी जूनमध्ये रोज घरी निघायला सात वाजतात. बोनाफाईड, शाळा सोडल्याचे दाखले, शिष्यवृत्तीच्या याद्या, आणि मध्येच “आजच्या आज माहिती द्या” असा वरून निरोप. एकाच मुलाचं नाव वर्षभरात किती वेळा टाइप करते याची मोजदाद नाही. गेल्या महिन्यात एक्सेलमधून मुलांचे आयडी पाठवले, तर सगळ्यांच्या शेवटी शून्यंच शून्यं. बोलणी मी खाल्ली. नवीन आलेले एक सर हसून म्हणतात, मॅडम, ॲडव्हान्स एक्सेलचा कोर्स करा. फी साडेचार हजार. करू का? आणि जाता जाता, ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये नीट उमटत नाही, त्याचं काय करू? सोबत आमच्या फाइलचा फोटो पाठवते, नावं झाकून.’
— कनिष्ठ लिपिक, सातारा जिल्हा

ताई,

साडेचार हजार सध्या पर्समध्येच राहू द्या. फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्यातच दिसतंय.

तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक तुकडीचं पान वेगळं आहे. वर चार-पाच घरं (सेल) जोडून शाळेचं नाव मोठ्या अक्षरात, खाली एक रिकामी ओळ, मग अनुक्रमांक, ‘विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव’, मुलगा-मुलगी, जन्मतारीख, प्रवर्ग आणि ‘शेरा’. शिष्यवृत्तीची मुलं पिवळी, शाळा सोडून गेलेली गुलाबी. नोटीस बोर्डावर लावायला हा कागद सुंदर आहे. पण पिवळा म्हणजे शिष्यवृत्ती हे तुम्हाला ठाऊक, एक्सेलला नाही. त्याच्या दृष्टीनं ते नुसतंच रंगवलेलं घर. तुम्ही एक्सेलमध्ये कागद बनवताय, म्हणून प्रत्येक नव्या कागदासाठी पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागतंय. मीही शाळेच्या कार्यालयात अनेक वर्षं हेच केलं, त्यामुळे हसत नाहीये.

आता कपाटातलं जनरल रजिस्टर काढा. त्यात एका मुलाला एकच ओळ. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही. मूल शाळा सोडून गेलं तरी ओळ खोडत नाही, फक्त शेवटचे रकाने भरतो. आणि दाखला कधीही मुलाच्या तोंडच्या माहितीवरून लिहीत नाही, रजिस्टर उघडूनच लिहितो. हे रजिस्टर ज्यानं कुणी आखलं त्यानं एक्सेल पाहिलं नव्हतं, पण एक्सेलला काय लागतं ते त्याला नेमकं कळलं होतं. तुम्ही नऊ वर्षं रोज ते हाताळताय. म्हणजे जे शिकायला कोर्सला निघालात ते निम्मं तुम्हाला येतंच.

तर काम एवढंच: संगणकात तसंच एक रजिस्टर करायचं. सगळ्या शाळेचं मिळून एकच पान. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, दुसऱ्या ओळीपासून मुलं. वर शाळेचं नाव नको, मध्ये रिकामी ओळ नको, जोडलेली घरं तर अजिबात नकोत. ‘संपूर्ण नाव’ हा एक रकाना मोडून चार करा: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव. कुठे आडनाव आधी लागतं, कुठे शेवटी. सुटे असले की हवे तसे जोडता येतात, एकत्र असलेले सोडवताना मात्र जीव जातो. इयत्ता एक रकाना, तुकडी दुसरा. रंगांच्या जागीही रकाने: ‘शिष्यवृत्ती’ मध्ये हो किंवा नाही, ‘सोडल्याची तारीख’ मध्ये तारीख. रजिस्टर क्रमांक सगळ्यात पहिला.

मग यादीत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत का असं विचारेल, तिथे खूण ठेवून ओके करा. यादीचं आता ‘टेबल’ झालं. खाली नवीन मूल लिहिलं की ते आपोआप त्यात येतं, सूत्रं आपोआप खाली उतरतात, आणि प्रत्येक शीर्षकाशेजारी गाळणीचा बाण येतो. आठवी ब हवी? बाणातून आठवी, मग ब. वेगळं पान ठेवायची गरजच उरत नाही.

एक काम इथेच उरकून घ्या. प्रवर्गाच्या रकान्यात तुमच्याकडे ‘इ.मा.व.’, ‘इमाव’ आणि ‘ओबीसी’ असे तिन्ही लिहिलेले दिसतात. माणसाला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळे प्रवर्ग. तो रकाना निवडून ‘डेटा’ मधल्या ‘डेटा व्हॅलिडेशन’ मध्ये ‘लिस्ट’ घ्या आणि चालणारे शब्द ठरवून द्या. मग त्या घरात निवडूनच भरता येतं, मनानं लिहिता येत नाही. मुलगा-मुलगी आणि तुकडी यांनाही तेच. सुट्टीवर असताना तुमच्या जागी दुसरं कुणी बसतं, तेव्हा याची किंमत कळते.

आता ‘आजच्या आज माहिती द्या’. ती माहिती बहुतेक वेळा एकाच जातीची असते: इयत्तानिहाय मुलं किती, मुली किती, प्रवर्गनिहाय किती. तुम्ही ती पेन्सिलीनं खुणा करून मोजता, असं पत्रात आहे. टेबलावर उभ्या राहून ‘इन्सर्ट’ मधून ‘पिव्हट टेबल’ घ्या. उजवीकडे तुमच्याच रकान्यांची यादी दिसेल. ‘इयत्ता’ ओढून ‘रोज’ (Rows, म्हणजे ओळी) मध्ये टाका, ‘मुलगा-मुलगी’ ओढून ‘कॉलम्स’ मध्ये, ‘रजिस्टर क्रमांक’ ओढून ‘व्हॅल्यूज’ मध्ये. रजिस्टर क्रमांकांची बेरीज होऊन लाखांतला आकडा आला तर दचकू नका. त्या आकड्यावर उजवं क्लिक करून ‘समराइज व्हॅल्यूज बाय’ मध्ये ‘काउंट’ करा. झाला तक्ता. प्रवर्ग हवा असेल तर इयत्तेच्या खाली तोही टाका. पहिल्या दिवशी अर्धा तास झटापट होईल, चौथ्या दिवशी चहा यायच्या आत तक्ता तयार असेल. फक्त हे ध्यानात ठेवा: रजिस्टरमध्ये नवीन नाव घातलं म्हणून पिव्हट आपोआप बदलत नाही. त्यावर उजवं क्लिक करून ‘रिफ्रेश’ करावं लागतं. जुना आकडा नव्या तारखेनं वर गेला की पुन्हा बोलणी आपल्यालाच.

शून्यांकडे येते. चूक तुमची नव्हती, पण ती कशी झाली हे कळायला हवं. सरल या शिक्षण खात्याच्या पोर्टलवरचा विद्यार्थी आयडी १९ अंकी. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच खरे ठेवतं, त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्य घालतं. १९ मधून १५ गेले, शेवटचे चार शून्य. एका शाळेतल्या मुलांचे आयडी सुरुवातीला बरेच सारखे असतात, फरक शेपटीत. नेमकी शेपटीच गेली. १६ अंकी बँक खात्याचा शेवटचा अंकही असाच जातो, आणि खाते क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर पुढचं शून्यही गळतं. गेलेले अंक नंतर घराचं फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. लोक तेच करत बसतात. ते मुळातून, पोर्टलवरूनच पुन्हा आणावे लागतील.

यावरचा उपाय भरण्याच्या आधी करायचा असतो. आयडी, आधार, खाते क्रमांक, मोबाइल या रकान्यांचं फॉरमॅट आधी ‘टेक्स्ट’ करा, मग भरा. ओळखण्याची खूण सोपी आहे: ज्या आकड्यांची आपण कधी बेरीज करणार नाही, ती संख्या नव्हेच, ते नाव आहे. रजिस्टर क्रमांकसुद्धा. आणि पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिकनं उघडू नका, तिथेच घात होतो. कोरी फाइल उघडून ‘डेटा’ मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ नं आणा आणि आणताना ते रकाने ‘टेक्स्ट’ ठरवा. बँक शाखेच्या आयएफएससी कोडसाठी एक छोटी तपासणी: तो ११ अक्षरी असतो आणि पाचवं अक्षर कायम शून्य असतं. तिथे कुणी इंग्रजी ओ लिहिला की शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेच.

एक्सेलच्या या आगाऊपणानं भलेभले त्रासलेत. ‘मार्च-१’ असं एका जनुकाचं नाव होतं. शास्त्रज्ञ ते नाव लिहायचे आणि एक्सेल त्याची १ मार्च तारीख करून टाकायचं. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये नवे नियम काढले आणि अशा जनुकांची नावंच बदलली; मार्च-१ चं ‘मार्च-एफ-१’ झालं. एक्सेल बदलेना म्हणून विज्ञान बदललं! तुमच्याकडे ‘८-१’ लिहिल्यावर ८ जानेवारी येते, त्याचं कारणही हेच. इयत्ता आणि तुकडी वेगळे रकाने करा म्हटलं त्यात हाही हेतू होता.

जन्मतारखेवर जरा थांबते, कारण दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख माणसाच्या मागे पेन्शनपर्यंत लागते. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन असली, म्हणजे आधी महिना मग दिवस, तर ‘२५/०६/२०१२’ त्याला कळतच नाही. पंचविसावा महिना कुठला? तो ते नुसतं अक्षर म्हणून ठेवतो आणि घरात डावीकडे चिकटवतो. हे दिसतं तरी. पण ‘०५/०६/२०१२’ तो बिनबोभाट ६ मे समजतो आणि उजवीकडे शहाण्यासारखा बसतो. खरी भीती या दुसऱ्याची. म्हणून आधी विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये जाऊन ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. मग जन्मतारखेच्या रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे अशी सरमिसळ आहे का पाहा. डावीकडच्या तारखा ‘डेटा’ मधल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ नं सुधारतात. तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ आणि ‘डीएमवाय’ निवडायचं. उजवीकडच्या, ज्यांचा दिवस बारा किंवा त्याहून कमी आहे, त्या मात्र कागदी रजिस्टर शेजारी ठेवून एकेक ताडून पाहा. याला शॉर्टकट नाही. एक जण वाचणार, एक जण पाहणार. हसणाऱ्या सरांना वाचायला बसवा.

तारीख अक्षरी लिहिणं हा दाखल्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. एक्सेलला मराठीत ‘पाच जून दोन हजार बारा’ लिहिता येत नाही, पण आपण त्याला शिकवू शकतो. दुसऱ्या पानावर तीन छोटे तक्ते करा: १ ते ३१ आणि त्यांची अक्षरं, १ ते १२ आणि महिन्यांची नावं, आणि तुमच्या मुलांची जन्मवर्षं अक्षरांसह. वर्षं फार तर पंधरा-वीस. साठ-पासष्ट ओळींचं टायपिंग, एकदाच. मग ‘डे’, ‘मंथ’ आणि ‘इयर’ ही सूत्रं तारखेचे तीन तुकडे करतात, ‘व्हीलुकअप’ प्रत्येकाचं अक्षर त्या तक्त्यातून आणतं, आणि मध्ये जागा सोडून तिन्ही जोडायचे. व्हीलुकअपच्या शेवटी शून्य लिहायला विसरू नका. ते नसेल तर नेमकं न सापडल्यावर तो जवळपासचं काहीतरी आणून देतो आणि सांगतही नाही. माझ्या माहितीत एवढ्या एका युक्तीनं कार्यालयातली भांडणं कमी झालीत.

आता दाखला. तुम्ही कसं करता ते न सांगताच कळतंय: मागच्या मुलाचा दाखला उघडायचा, ‘सेव्ह ॲज’, नाव बदलायचं, तारीख बदलायची. मीही तसंच करायचे. एकदा एका मुलीच्या दाखल्यावर आदल्या मुलाच्या आईचं नाव तसंच राहिलं. सही-शिक्का होऊन दाखला गेला, आणि दुसऱ्या गावच्या शाळेत नोंदही झाली. ती चूक निस्तरायला त्या मुलीच्या वडिलांना किती खेटे घालावे लागले ते मी पाहिलंय. चूक मी केली, हेलपाटे त्यांनी घातले. ‘सेव्ह ॲज’ नं दाखला करणं मी त्या दिवशी बंद केलं.

त्याऐवजी मेल मर्ज. नाव बुजवणारं आहे, काम सोपं. वर्डमध्ये दाखल्याचा एक कोरा नमुना करा, मुलाची माहिती येते त्या जागा रिकाम्या ठेवून. ‘मेलिंग्ज’ मध्ये ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’, त्यात ‘यूज ॲन एक्झिस्टिंग लिस्ट’, आणि आपलं एक्सेलचं रजिस्टर दाखवा. मग रिकाम्या जागी कर्सर ठेवून ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ मधून तो तो रकाना घाला. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ दाबलं की रिकाम्या जागी मुलाची माहिती दिसेल, बाणानं पुढचं मूल. ‘एडिट रेसिपियंट लिस्ट’ मध्ये गाळणी लावून फक्त दहावी घ्या, आणि ‘फिनिश अँड मर्ज’ मधल्या ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ नं सगळे दाखले एका फाइलमध्ये तयार. छापण्याआधी चाळून घ्या. एक खोड आधीच सांगते: जन्मतारीख इथे पुन्हा अमेरिकन वेशात येते, आधी महिना. म्हणून एक्सेलमध्येच एक जादा रकाना करून ‘टेक्स्ट’ सूत्रानं तारीख डीडी-एमएम-वायवायवायवाय अशी अक्षररूपात घ्या आणि दाखल्यात तो रकाना घाला. आणि मर्जच्या आधी एक्सेल फाइल सेव्ह करा, नाहीतर मघाशी केलेली दुरुस्ती दाखल्यात दिसणार नाही. हाच नमुना बोनाफाईडला, पालकसभेच्या पत्राला, ओळखपत्राला. नाव टाइप होईल ते एकदाच, प्रवेशाच्या दिवशी.

अडचण फक्त जुन्या फाइलींची. २०१० च्या आसपासच्या तुमच्या याद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्यात पडद्यावर ‘कुलकर्णी’ दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट बदलला की मुखवटा पडतो आणि कचरा दिसतो. शोध लागत नाही, अकारविल्हे लागत नाही. अशा याद्या कन्व्हर्टरनं एकदाच युनिकोडमध्ये आणा आणि रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी डोळ्याखालून घाला. तिथेच गडबड होते. सगळी वर्षं आणायच्या फंदात पडू नका. सध्या शाळेत असलेली मुलं पुरेत, जुनी गरज पडेल तशी.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. लांब यादी छापताना दुसऱ्या पानावर शीर्षकं येत नाहीत, त्याला ‘पेज लेआउट’ मधलं ‘प्रिंट टायटल्स’. पडद्यावर शीर्षक स्थिर ठेवायला ‘व्ह्यू’ मधलं ‘फ्रीझ पेन्स’. आजची तारीख: कंट्रोल आणि अर्धविराम. मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस. वर्डमध्ये ‘मुख्याध्यापक’ हा शब्द उजवीकडे न्यायला स्पेसबार बडवू नका. दोन रकान्यांचं बिनरेषांचं टेबल घाला, सही जागची हलत नाही. नवीन पानासाठी एंटरची रांग नको, कंट्रोल-एंटर. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशी ठेवणं आजपासून बंद. तारीख पुढे लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, म्हणजे त्या आपोआप रांगेत लागतात. कार्यालयात एक्सेल नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं. त्यात नावं थोडी वेगळी असली तरी रजिस्टर, पिव्हट, मर्ज सगळं होतं.

यादी व्हॉट्सॲपवर पाठवता, त्याबद्दल मात्र रागवते. त्यात मुलांचे आधार आणि खाते क्रमांक असतात. नको असलेले रकाने ‘हाइड’ करून पाठवणं म्हणजे दाराला पडदा लावून कुलूप लावलं समजणं. घेणारा एका क्लिकमध्ये ते उघडतो. लागणारे रकाने तेवढे नव्या फाइलमध्ये घ्या आणि ती पाठवा. मूळ रजिस्टरला ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ असं जाऊन पासवर्ड लावा. तो पासवर्ड विसरला तर फाइल गेलीच समजा, म्हणून कागदावर लिहून पाकिटात घाला आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. आठवड्यातून एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. कार्यालयातल्या त्या एकाच पेनड्राइव्हवर नव्हे, तो सगळ्या तालुक्यात फिरून आलेला असतो.

हे सगळं जूनमध्ये सुरू करू नका. दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार दिवस निवांत असतात. फक्त आठवीनं सुरुवात करा. तोवर जुनी पद्धतही चालू द्या. मुख्याध्यापकांना पिव्हटचा तक्ता दाखवा आणि मग सांगा की मला रोज दुपारी एक तास दाराशी कुणी नको. कोर्स त्यानंतरही करावासा वाटला तर करा, पण स्वतःची फाइल घेऊन जा आणि शिकवणाऱ्याला विचारा, यातलं काय सुधारू? तो फळ्यावरच्या विक्रीच्या आकड्यांवरच अडून बसला तर फी भरू नका.

राहता राहिले कुऱ्हाडे. तुम्ही नेहमीचा र घेऊन त्याला हलंत लावताय, म्हणून तो रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. इथे नुक्ता असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर तो शिफ्ट आणि जे वर आहे. मग डी म्हणजे हलंत, मग यू म्हणजे ह. तऱ्हा, कऱ्हाड, दुसऱ्या, सगळीकडे तेच. फक्त ‘दुसऱ्या’ मध्ये ह च्या जागी य. जुन्या याद्या आणताना ‘कुर्हाडे’ झालेली नावं ‘फाइंड अँड रिप्लेस’ नं एका दमात बदलून घ्या, पण ‘रिप्लेस ऑल’ दाबण्याआधी आडनावाचा तेवढा रकाना निवडलाय ना, हे पाहून.